मुलुंड ते बोरिवली, व्हाया हार्लेम

मुंबईत जॅझ म्हटलं की सगळ्यांची गाडी सरळ दक्षिणेकडे पळते. ताजमहाल हॉटेल, मरीन ड्राइव्ह, एनसीपीए, काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस (ते २०१६ मध्ये बंद झालं), लोअर परळचं ब्लू फ्रॉग (तेही त्याच वर्षी गेलं). सायन-माहीमच्या पुढे जॅझ नाही, असा जणू महापालिकेचा ठरावच आहे. मुलुंडला काय? तर कालिदास नाट्यगृह आणि एलबीएस रोडचं ट्रॅफिक. घाटकोपरला खाऊगल्ली. बोरिवलीला नॅशनल पार्क. अंधेरीला तर पाय ठेवायला जागा नाही, तिथे सॅक्सोफोन कुठे ठेवणार?

पण दोस्तहो, जरा थांबा. लाइव्ह जॅझ ऐकायचं तर आजही बहुतेक वेळा खाली, टाऊनला जावं लागतं, हे मान्य. मात्र जॅझ ऐकायला शिकायचं असेल, तर त्यासाठी लागतात एक चांगलं रेकॉर्डिंग आणि वाद घालायला तीन-चार माणसं. या दोन्ही गोष्टी उपनगरात मुबलक आहेत. वाद घालणारी तर जरा जास्तच.

पियानो शिकणाऱ्या मोठ्या माणसांची एक जमात तुम्ही पाहिलीच असेल. वय पंचवीस ते चाळीस. पेशा आयटी, बँक, ऑडिट, एचआर. लहानपणी आईने क्लासला घातलं नव्हतं, किंवा घातलं होतं आणि दहावीला काढलं. आता स्वतःच्या पगारातून फी भरतात, त्यामुळे दांडी मारताना जीव कळवळतो. घरात खरा पियानो अर्थातच नाही. साधा उभा पियानोही दोनशे किलोच्या आसपास जातो, सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावत नाही, आणि पावसाळ्यात लाकूड फुगून सूर बिघडले की ट्यूनर शोधत फिरा. मग कुणाकडे ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड, कुणाकडे ८८चा डिजिटल पियानो. हेडफोन लावून रात्री साडेअकराला रियाझ. शेजाऱ्यांना फक्त पट्ट्यांची टकटक ऐकू जाते. त्यांना वाटतं, बिचारा अजून ऑफिसचं काम करतोय.

आम्ही असे सात-आठ जण आहोत. दोन-तीन वेगवेगळ्या क्लासमधले, एकमेकांच्या ओळखीतून जमलेले. दर शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी भेटायचं, त्या घरच्याने एक रेकॉर्डिंग ऐकवायचं. नियम दोनच. संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. आणि संपल्यावर ‘छान आहे’ म्हणायचं नाही. छान का आहे, कुठल्या मिनिटाला आहे, ते सांगायचं.

ही सगळी भानगड सुरू झाली मुलुंडच्या मिसमुळे. सत्तरी ओलांडलेल्या मिस मुलुंड पश्चिमेला दोन खोल्यांत राहतात आणि आयुष्यभर मुलांना ग्रेडच्या परीक्षांना बसवत आल्या आहेत. ट्रिनिटी म्हणा, एबीआरएसएम म्हणा, आपल्याकडे पियानो म्हणजे या परीक्षा, हे समीकरण पक्कं आहे. तर आमच्यातला एक सीए परीक्षेच्या पुस्तकातला जॅझचा तुकडा वाजवत होता. एकही सूर इकडचा तिकडे नाही. मिसनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, “बाबा, हे टायपिंग झालं. आता या आठवड्यात पियानोला हात लावू नकोस. फक्त ऐक.”

प्रॉब्लेम असा असतो की पुस्तकात वरच्या कोपऱ्यात ‘स्विंग’ एवढा एकच शब्द छापलेला असतो. खाली शेजारी शेजारी दोन सारखे स्वर. पण ते सारखे वाजवायचे नसतात. पहिला थोडा लांबवायचा, दुसरा आखूड करायचा. किती लांब आणि किती आखूड, हे कागदावर उतरत नाही. लय वाढली की प्रमाण बदलतं, वाजवणारा बदलला की बदलतं. आपल्याकडे जाणकार ज्याला लयीचं वजन म्हणतात, तोच हा मामला. लावणीची ढोलकी नुसत्या मात्रा मोजून कुणाला आली आहे का? ती कानातच मुरावी लागते. तानसेन व्हायच्या आधी कानसेन व्हा, हे आपल्याला शाळेत असल्यापासून ऐकवलेलं आहेच.

सीएला होमवर्क मिळालं ऑस्कर पीटरसनच्या ‘नाइट ट्रेन’चं. डिसेंबर १९६२ मध्ये लॉस एंजेलिसला रेकॉर्ड झालेली ही तबकडी. पियानोवर पीटरसन, बेसवर रे ब्राऊन, ड्रम्सवर एड थिगपेन. आणि होमवर्क म्हणजे नुसतं कानात घालून मोबाइल चाळत बसणं नाही बरं का. पहिल्यांदा ऐकताना फक्त बेस ऐकायचा. दुसऱ्यांदा पियानोचा फक्त डावा हात. तिसऱ्यांदा चुटकी वाजवायची, पण दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. इथे आपली मराठी माणसं आडवी होतात. आपला हात जन्मापासून आरतीच्या टाळीने पहिल्या ठोक्यावर पडायला शिकलेला. तो दुसऱ्यावर पाडायचा म्हणजे डाव्या हाताने जेवण्यासारखं. सीए आठवडाभर डोंबिवली लोकलमध्ये मांडीवर बोट आपटत होता. समोरच्या काकांनी शेवटी विचारलं, तबला शिकता का?

पीटरसनची घरची गोष्ट मला त्या संगीताइतकीच आवडते. मॉन्ट्रियलचं कुटुंब. वडील डॅनियल पीटरसन कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेत स्लीपर डब्यांचे पोर्टर. लांबच्या गाडीवर जाण्याआधी ते प्रत्येक मुलाला धडा नेमून द्यायचे आणि परत आल्यावर परीक्षा घ्यायचे. थोरली बहीण डेझी धाकट्याला शिकवायची. ही डेझी पुढे त्या वस्तीतल्या कितीतरी मुलांची पियानो टीचर झाली. ऑलिव्हर जोन्स हा मोठा जॅझ पियानिस्ट तिच्याच हाताखालचा. म्हणजे बघा, रेल्वेतली नोकरी आणि गल्लीतली एक टीचर. मुलुंड आणि मॉन्ट्रियलमध्ये फरक काय तो थंडीचा.

रेल्वे आणि जॅझचं नातं तसंही जुनं. ड्यूक एलिंग्टनच्या बँडची सिग्नेचर ट्यून ‘टेक द ए ट्रेन’ ही एलिंग्टनची नाहीच, ती बिली स्ट्रेहॉर्नची. एलिंग्टनने या तरुण पोराला हार्लेममधल्या आपल्या घरी बोलावलं आणि कसं यायचं ते सांगितलं. त्या पत्त्याची सुरुवात ‘ए ट्रेन पकड’ अशी होती. पोराने त्याचं गाणं केलं. १९४१ मध्ये ते रेकॉर्ड झालं. न्यूयॉर्कची ए ट्रेन म्हणजे फास्ट लोकलच, मधली स्टेशनं गाळत जाणारी. आपल्याकडे रोज लाखो लोक एकमेकांना ‘विरार पकडू नकोस, बोरिवली पकड’ असं सांगतात. त्याचं अजून कुणी गाणं का केलं नाही, हा मला पडलेला गंभीर प्रश्न आहे.

मेट्रोत मावतं ते

आमच्यातले निम्मे सेंट्रलवाले, निम्मे वेस्टर्नवाले. ८ जून २०१४ पर्यंत अशा दोन माणसांची मैत्री टिकणं अवघडच होतं. त्या दिवशी घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली आणि जो प्रवास बसने दीड तास खायचा तो वीस-एकवीस मिनिटांवर आला. आता बोरिवलीच्या शनिवारी मुलुंडहून निघायचं, स्लो लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो. असल्फाच्या टेकडीवरची रंगवलेली घरं, साकीनाक्याचा कायमचा तुंबलेला चौक, सगळं एसीतून खाली दिसतं.

या प्रवासात काय ऐकावं यावर आमच्यात दोन तट आहेत. घाटकोपरची एक एचआरवाली म्हणते, कीथ जॅरेटचा ‘कोलन कॉन्सर्ट’. अडचण एवढीच की त्याचा पहिला भाग २६ मिनिटांचा आहे आणि मेट्रो त्याआधीच वर्सोव्याला पोचते. त्यामुळे ती स्टेशनवर बाकावर बसून उरलेली मिनिटं संपवते. मध्येच बंद करणं म्हणजे तिच्या मते, पाहुणे जेवत असताना पान उचलणं.

या रेकॉर्डिंगची कथा कीबोर्डवाल्या प्रत्येकाने ऐकायलाच हवी. २४ जानेवारी १९७५, जर्मनीतल्या कोलनचं ऑपेरा हाऊस. कार्यक्रम भरवणारी मुलगी, व्हेरा ब्रँडेस, अजून वीसचीही नव्हती. जॅरेटने मागितला होता मोठा बोझेनडॉर्फर ग्रँड पियानो. स्टेजवर आला भलताच, छोटा. वरच्या पट्टीतले सूर पत्र्यासारखे, खालच्या सुरांना दम नाही, पेडल धड चालत नाही. जॅरेट पाठदुखीने आणि प्रवासाने बेजार. तो वाजवणारच नव्हता, तिने विनवण्या केल्या. रात्री साडेअकराला तो बसला. खराब टोकं टाळून मधल्या सुरांवरच खेळत राहिला, डाव्या हातात तेच तेच ठेके पुन्हा पुन्हा घोळवत राहिला, कारण त्या पियानोतून आवाज काढायचा तर दुसरा मार्ग नव्हता. ती तबकडी पुढे सोलो पियानोच्या आजवरच्या सर्वाधिक खपाच्या रेकॉर्ड्समध्ये जाऊन बसली. आणि एक मजा. सुरुवातीचे स्वर हे त्या ऑपेरा हाऊसच्या घंटेचे, लोकांना जागेवर बसा म्हणून सांगणाऱ्या. आपल्या नाटकाची तिसरी घंटा! कालिदासला किंवा बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरेला जो वाढलाय त्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर रडणाऱ्या माणसाला यानंतर फारसं बोलता येत नाही. २०१८ मध्ये जॅरेटला दोनदा स्ट्रोक आला आणि डावा हात जवळजवळ गेला. हे कळल्यापासून त्या डाव्या हाताच्या ठेक्यांकडे आम्ही जरा वेगळ्या कानाने जातो.

दुसरा तट म्हणतो, प्रवासात एवढं जड नको, ‘काइंड ऑफ ब्ल्यू’ लावा. माइल्स डेव्हिस, १९५९, जगातला प्रत्येक नवशिक्या इथूनच सुरू होतो. आमच्याकडे ती इतक्या वेळा आली की शेवटी तिच्यावर सहा महिने बंदी घालावी लागली. बंदीच्या आधी मात्र एक झकास गोष्ट घडली. एका बँकवालीने हात वर करून विचारलं, “दुसऱ्या गाण्यात पियानोवाला बदललाय का?” कुठेही न वाचता. आणि खरंच बदललाय. बाकी सगळीकडे बिल इव्हान्स आहे, ‘फ्रेडी फ्रीलोडर’ या एका तुकड्यात विंटन केली. इव्हान्स सूर पाण्यात सोडल्यासारखे ठेवतो, केली ते उडवतो. तिने ग्रेड थ्रीची परीक्षाही दिलेली नाही. त्या दिवशी मिसनी तिला स्वतःच्या हाताने चहा करून दिला.

अंधेरीत राहिलेला इतिहास

अंधेरीला आमचा मुक्काम चकाल्याच्या बाजूला असतो. हायवेच्या आणि ग्लास बिल्डिंगांच्या मधोमध अजून गावठाणं तग धरून आहेत. मरोळ, चकाला, आंबोली. लाकडी जिने, व्हरांडे, वाटेवर क्रूस. इथले मूळचे ईस्ट इंडियन ख्रिश्चन घरात मराठीचीच एक बोली बोलतात आणि त्यांच्या लग्नात ब्रास बँड लागतो. त्यांच्या शेजारी कामधंद्यासाठी आलेली गोव्याची कुटुंबं. तेव्हा उपनगराला जॅझ परकं आहे असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. या शहराचं जॅझ ज्यांनी वाजवलं, ती माणसं दिवस संपल्यावर कुठेतरी राहत होतीच ना.

आमच्यातली एक मूळची गोव्याची. तिचे शापाय, म्हणजे आजोबा, तिच्याबरोबरच राहतात. नव्वदीला टेकलेत. साठ-सत्तरच्या दशकांत ते फिल्मी ऑर्केस्ट्रात ट्रॉम्बोन वाजवायचे. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा ते कोपऱ्यात बसून आमची चर्चा ऐकत होते. शेवटी म्हणाले, “सगळं अमेरिकेचंच आणता. इकडचं काय नाही का?”

इकडचं आहे. आणि काय आहे महाराजा! १९२६ मध्ये शिकागोत लुई आर्मस्ट्राँगबरोबर एकाच बँडमध्ये रेकॉर्डिंग केलेला टेडी वेदरफर्ड नावाचा पियानिस्ट दहा वर्षांनी मुंबईत ताजमध्ये वाजवत होता. १९४५ मध्ये तो कोलकात्यात कॉलऱ्याने गेला. ताजच्या त्या दिवसांवर नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हे देखणं पुस्तक आहे. त्याचं नाव १९३६ च्या एका मुंबईकर रेकॉर्डवरून घेतलंय. या अमेरिकनांच्या शेजारी बसून गोव्याचे वादक तयार झाले. स्टाफ नोटेशन त्यांना चर्चच्या शाळांमुळे येतच होतं, स्विंग त्यांनी तबकड्या ऐकून ऐकून उचलला. म्हणजे आपला शनिवारचा उद्योग काही नवा नाही.

मग १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला, हॉटेलांची रया गेली, आणि ही मंडळी मोठ्या संख्येने सिनेमाकडे वळली. ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून ओळखला जाणारा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचा सहायक झाला. ‘अलबेला’ (१९५१) तुम्ही यूट्यूबवर नक्की बघा. भगवानदादा नाचतायत आणि मागे बँडसकट खुद्द चिक पडद्यावर दिसतो. गिरणगावातून आलेला हिरो, नगर जिल्ह्यातला संगीतकार, गोव्याचा ट्रम्पेट आणि न्यू ऑर्लिन्सचा ठेका. गणपतीत ज्यावर आख्खी पिढी नाचली, ते जॅझच होतं. आपल्याला कुणी सांगितलं नाही, एवढंच.

आणि गोची इथेच आहे. कुणी सांगितलं नाही, कारण कुठे लिहिलेलंच नव्हतं. तबकडीवर गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव. वाजवणाऱ्यांचं नाही. शापायना आम्ही विचारलं, कुठल्या कुठल्या गाण्यांत वाजवलंत? ते म्हणाले, “सकाळी ताडदेव, दुपारी दुसरीकडे. समोर कागद यायचा. वाजवायचा, पैसे घ्यायचे, ट्रेन पकडायची. गाणं कुठल्या पिक्चरमध्ये गेलं ते कोण सांगणार?” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आम्हाला मात्र ते फार लागलं.

पियानोचं तर आणखीच अवघड. पन्नास-साठच्या दशकातला हिंदी सिनेमा म्हणजे दर दुसऱ्या चित्रपटात हिरो सूट घालून पियानोशी बसलेला. बोटं पट्ट्यांवर कुठेही पडतायत. प्रत्यक्षात वाजवणाऱ्यांमध्ये लुसिला पाशेको नावाची एक बाई होती. पुरुषांनी भरलेल्या त्या स्टुडिओंमध्ये वर्षानुवर्षं तिने पियानो वाजवला. पियानो शिकणाऱ्या किती मुलींना हे नाव माहीत असेल? ग्रेगरी बूथ या अमेरिकन संशोधकाने या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये पुस्तक काढलं म्हणून निदान एवढं तरी हाती लागलं.

तेव्हापासून आम्ही एक वही केली आहे. प्रत्येकाने जुनं हिंदी गाणं आणायचं, गायकाकडे दुर्लक्ष करायचं आणि खालचा पियानो ऐकायचा. वहीत गाणं, वर्ष, किती मिनिट-सेकंदाला पियानो येतो, काय करतो. शेवटचा रकाना ‘कोण वाजवतंय’. पन्नासेक गाणी झालीत. शेवटचा रकाना जवळपास रिकामा आहे. कधीतरी शापाय ऐकता ऐकता हात वर करतात, मागे घ्यायला सांगतात, पुन्हा ऐकतात आणि म्हणतात, “हा टच ओळखीचा आहे. नाव... थांब.” आम्ही थांबतो. बऱ्याचदा नाव येत नाही. ते आलंच तर शाईने लिहितो, खात्री नसेल तर पेन्सिलने. घाईचं काम आहे खरं तर. शापायच्या वयाची माणसं किती उरली आहेत, ते गावठाणाबाहेर पाटी लावून कुणी सांगत नाही.

पेटीवाले काका विरुद्ध मंक

डी. एन. नगरला मेट्रो बदलली की दुसरी लाइन थेट बोरिवलीकडे नेते. ही २०२२ मध्ये अर्धी आणि जानेवारी २०२३ मध्ये पूर्ण सुरू झाली. उतरायचं स्टेशन मंडपेश्वर. वेळ असेल तर आधी लेणी बघून घ्या. दगडात कोरलेलं शिवाचं लेणं आणि त्याच्या डोक्यावर पोर्तुगीज काळातल्या चर्चचे पडके अवशेष. एकावर एक रचलेला असा इतिहास बघितला की मला जॅझचे कॉर्ड आठवतात, पण ते जाऊ द्या. बाजूलाच आय. सी. कॉलनी. तिथून दहा मिनिटांवर आमच्या बोरिवलीकर मित्राचं घर. त्याचे वडील भजनी मंडळात पेटी वाजवतात.

त्या दिवशी लावला होता थेलोनियस मंक. १९५७ चं ‘थेलोनियस हिमसेल्फ’. जवळजवळ सगळा एकटा पियानो. मंकचं वाजवणं ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. अडखळत चालणारा माणूस दरवेळी पडणार असं वाटतं आणि पडत नाही, तसं ते असतं. तो मध्येच शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबतो आणि कानात खडा येतो. सीए म्हणाला, “परीक्षेत असं वाजवलं तर नापास करतील.” निम्म्या खोलीला ते पटलं.

काका आतून पोहे घेऊन आले आणि ताट हातात तसंच धरून उभे राहिले. म्हणाले, “हा चुकत नाहीये रे. हा मींड शोधतोय.”

मग त्यांनी पेटी ओढली. दोन पट्ट्यांच्या मधला सूर पेटीत नसतो. गाणारा तो घसरत घेतो, सारंगीवर बोट सरकतं, पेटीवाला मात्र अडकतो. याच कारणावरून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. म्हणून चतुर पेटीवाले काय करतात, शेजारच्या पट्टीला नुसता स्पर्श करून जातात, मधल्या सुराचा भास होतो. काकांनी करून दाखवलं. मंकचंही तेच आहे. ब्लूज गाणारे जो वाकवलेला सूर घेतात तो पियानोत नाहीच, म्हणून तो दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकत्र दाबून मधला सूर सुचवतो. सीए गप्प. ग्रेडच्या पुस्तकाने हे त्याला सांगितलं नव्हतं.

या रेकॉर्डच्या सीडी आवृत्तीत एक खजिना आहे. ‘राउंड मिडनाइट’ हे मंकचं स्वतःचं, जगभर वाजवलं जाणारं गाणं. ते बसवताना तो वीस मिनिटांहून जास्त वेळ चाचपडतोय, थांबतोय, पुन्हा सुरू करतोय, आणि टेप चालूच आहे. स्वतःचंच गाणं! आमच्या सगळ्यांत जास्त वेळा मागवलेलं रेकॉर्डिंग हेच. तयार मैफल सगळे ऐकवतात. रियाझ कोण ऐकवतो?

काकांना मग आम्ही ‘टेक फाइव्ह’ लावून दिलं. पाच मात्रा. त्यांनी मांडीवर मोजलं आणि म्हणाले, “अर्धा झपताल, पण उलटा.” झपताल दोन-तीन-दोन-तीन, हे तीन-दोन. बरोब्बर! डेव्ह ब्रुबेकचा हा ‘टाइम आउट’ अल्बम १९५९ चा. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रुबेक मुंबईत येऊन उस्ताद अब्दुल हलीम जाफर खान यांच्या सतारीबरोबर वाजवून गेला होता. त्यानंतर काकांचा आग्रह, आता माझं ऐका, आणि कुमार गंधर्वांचं रेकॉर्डिंग लागलं. नियम सगळ्यांना सारखा. ‘छान आहे’ चालणार नाही.

रात्री शेवटचं रेकॉर्डिंग बिल इव्हान्सचं. २५ जून १९६१, रविवार, न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब. एका दिवसात पाच सेट. इव्हान्स, बेसवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. नीट कान दिलात तर ग्लास किणकिणतात, लोक गप्पा मारतात, कुणी हसतं. समोर जे चाललंय त्याकडे अर्ध्या लोकांचं लक्षच नाही. अकरा दिवसांनी लाफारो कार अपघातात गेला, पंचविसाव्या वर्षी. इव्हान्स कित्येक महिने वाजवू शकला नाही. त्या गप्पा मारणाऱ्यांना माहीत नव्हतं. आम्हाला माहीत आहे, त्यामुळे बेस सुरू झाला की खोलीत कुणी पोह्याच्या बशीलाही हात लावत नाही. बाहेर लिंक रोडवर हॉर्न, शेजारी कुकरची शिट्टी. ते सगळं त्या क्लबच्या आवाजात मिसळून जातं.

निघताना पुढच्या शनिवारचं ठरलं. घाटकोपर, एरॉल गार्नरचं ‘कॉन्सर्ट बाय द सी’. १९५५ चं. कॅलिफोर्नियातल्या एका शाळेच्या हॉलमधलं, साध्या टेपवर पकडलेलं, पियानो थोडा बेसूर. गार्नरला नोटेशन आयुष्यभर वाचता आलं नाही, सगळं कानाने. ग्रेड वन नापास, असं सीए म्हणतो. उंचीने तो इतका लहान की पियानोच्या स्टुलावर टेलिफोन डिरेक्टऱ्या ठेवून त्यांवर बसायचा. एचआरवालीला त्या शनिवारी तसंच बसून वाजवून बघायचंय. एमटीएनएलची जाडजूड डिरेक्टरी कुणाच्या माळ्यावर आहे का, म्हणून आम्ही आठही जण घरी विचारून आलो. अजून मिळालेली नाही.